ऑपरेटरबाईंचे निरोप

ऑपरेटरबाईंना टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली होती, की ज्या बोर्डासमोर बसून त्यांनी हयात घालवली तो बोर्ड कोणत्या भंगारात गेला हेही कुणी सांगू शकलं नसतं. पण गल्लीत त्या ऑपरेटरबाईच राहिल्या. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव वाचून क्षणभर थबकायचा, मग "हां, आपल्या ऑपरेटरबाई," म्हणत पाकीट दाराच्या फटीतून आत सरकवायचा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का नाही केलं असं कुणी खोदून विचारलंच, तर "लाइन एंगेज होती," एवढंच म्हणायच्या आणि समोरच्याला चहा हवा का ते विचारायच्या.

त्या कामाचा एक नियम मात्र त्यांच्या अंगात मुरला होता. जुन्या काळी लांबच्या गावाचा ट्रंक कॉल लागायचा तेव्हा कधीकधी एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायचाच नाही. मग मधल्या ऑपरेटरने इकडचं ऐकून तिकडे सांगायचं आणि तिकडचं ऐकून इकडे. त्यांना काम शिकवणाऱ्या मोठ्या बाई फार कडक होत्या. "जसं आलं तसं गेलं पाहिजे," त्या बजावायच्या. "पदरचा एक शब्द नको. तो म्हणाला 'मी येतो', तर तूही म्हण 'मी येतो'. 'तो येतो असं म्हणतोय' असलं काही नको. लाइनवर तू नसतेसच." ऑपरेटरबाईंच्या तोंडून लोकांना मुलं झाली, लोकांची माणसं गेली, लोकांच्या नोकऱ्या सुटल्या, आणि त्यांनी कधी एका अक्षराची भर घातली नाही. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत.

घर त्यांचं स्वतःचं. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक अडगळीची खोली. वर दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर, भाड्याने द्यायला. जिना घरातूनच, स्वयंपाकघराच्या दाराला लागून वर जायचा. त्यामुळे वर जाणाऱ्या माणसाला ऑपरेटरबाईंना टाळून जाणं शक्यच नव्हतं, आणि घर बांधणाऱ्याने ही सोय मुद्दाम केली असावी असा त्यांच्या धाकट्या भावाचा संशय होता.

वरचे भाडेकरू म्हणजे एक जोडपं. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा, ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. ऑपरेटरबाईंनी मनातल्या मनात त्यांची नावं चष्मेवाला आणि पोहणारी अशी ठेवली होती. घर बघायला आले त्या दिवशी आधीच्या लोकांसारखं पाणी किती वेळ येतं, ऊन कुठून येतं, असलं काही त्यांनी विचारलंच नाही. पलंग कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा यावरून दोघांची जुंपली, आणि शेवटी पोहणारीने वरूनच हाक मारली, "मावशी, तुम्हीच सांगा हो, खिडकीखाली की भिंतीला?" ऑपरेटरबाई गुडघे सांभाळत वर गेल्या, म्हणाल्या, "खिडकीखाली," आणि तिथेच घर देऊन मोकळ्या झाल्या. लग्न झालंय का, घरचे कुठे असतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही. लाइन लावणाऱ्याने नातं विचारायचं नसतं.

त्या दोघांवर त्यांचा जीव जडला, हे सरळच सांगितलेलं बरं. चष्मेवाला दर रविवारी खाली येऊन त्यांच्या चष्म्याचे स्क्रू आवळायचा. स्क्रू ढिले नसत, पण तो आवळायचा आणि त्या आवळून घ्यायच्या. पोहणारी ओल्या केसांनी जिना चढताना स्वयंपाकघरात डोकावायची आणि "मावशी, व्यायाम!" असं ओरडायची. मग ऑपरेटरबाई ओट्याला धरून एक पाय मागे, एक पाय पुढे अशा डुलायच्या आणि ती त्यांच्यावर शाळकरी मुलांवर खेकसावं तशी खेकसायची. "गुडघा वाकवा! घाबरताय काय, बुडणार नाही तुम्ही इथे!" वरच्या हसण्याने त्यांची दुपारची झोप मोडायची, आणि त्या तक्रार म्हणून ते सगळ्या गल्लीला सांगत फिरायच्या.

तर असे हे दोघं एका रविवारी एकत्र खाली आले, कोचाच्या दोन टोकांना बसले आणि मध्ये तिसरं माणूस मावेल एवढी जागा सोडून म्हणाले, "मावशी, आम्ही वेगळे होतोय."

ऑपरेटरबाईंनी कोचावरच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पण त्यांनी कारण विचारलं नाही. पुढे दोघांनी आपापल्या वेळी येऊन आपापलं कारण सांगितलं. दोन्ही ऐकून झाल्यावर कुणाला तरी दोष द्यावा म्हणून त्यांनी मनापासून प्रयत्न केला, पण दोषी कुणी सापडेना. कुणी फसवलं नव्हतं, कुणी हात उगारला नव्हता. एकमेकांची सवय झाली होती आणि मग त्या सवयीचाच वैताग यायला लागला होता. असं भांडण मिटवायला फार अवघड असतं, कारण त्यात मिटवायला काही नसतंच.

व्यवस्था दोघांनी शहाण्यासारखी ठरवली होती. महिनाअखेरीस तो जाणार. दुकानाजवळच्या एका बेकरीवर खोली त्याने बघून ठेवली होती. ती इथेच राहणार, तलावावरची एक मैत्रीण तिच्याबरोबर राहायला येणार. तोवर तो बाहेरच्या खोलीत, ती आतल्या.

धाकट्या भावाने ऐकलं आणि तो फोनवरच उखडला. "ताई, दोघांनाही घालव. असली माणसं घरात असली की घराची रया जाते."

"घराची रया तू लहानपणीच घालवलीस. त्या जिन्याच्या भिंतीवर खिळ्याने बोट कुणी कोरली होती?"

"बोट नाही, विमान होतं ते," भाऊ म्हणाला आणि विषय तिथेच राहिला.

ठरलं तेव्हा शहाण्यासारखं ठरलं, पण एका छपराखाली महिना काढायचा म्हणजे रोज सतरा गोष्टी निघतात. बोलायला जावं तर दुसऱ्या वाक्याला भांडण. फोनवर लिहून बघितलं, तर ते आणखी वाईट. बोललेलं विरून तरी जातं, लिहिलेलं दहा वेळा वाचता येतं आणि दहाही वेळा नव्याने राग येतो. शेवटी दोघांनी एकमेकांचे नंबर बंद करून टाकले. आणि मग एका सकाळी पोहणारी जिन्याखाली थांबली.

"मावशी, एक काम कराल? त्याला सांगाल? तुझ्या दाढीचा फेस बेसिनला वाळून चिकटतो. तो मी आता घासणार नाही म्हणावं."

ऑपरेटरबाई वर गेल्या. चष्मेवाला शर्टाला इस्त्री करत होता. त्या दारात ताठ उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तुझ्या दाढीचा फेस बेसिनला वाळून चिकटतो. तो मी आता घासणार नाही."

त्याने इस्त्री उभी केली. "अहो मावशी, तुम्ही कशाला घासाल?"

"मी नाही रे. ती."

"मग ती म्हणाली असं म्हणा ना."

"तसं म्हणत नाहीत," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "आणि हे ती जरा ओरडून म्हणाली. मला दम लागलाय, म्हणून हळू आलं तुझ्यापर्यंत."

दोघांनाही ही पद्धत दोन-तीन दिवसांत सवयीची झाली. ऑपरेटरबाई जिना चढत, उतरत, आणि त्यांच्या तोंडून कधी तो बोले, कधी ती. "माझा निळा टॉवेल तुझ्या कपड्यांत आहे, तो आधी बाहेर काढ." "टॉवेल काढला, पण तो निळा नाही, हिरवा आहे, आणि तुला रंग कधीच कळले नाहीत." "रंग कळत नाहीत म्हणून तर तुझ्याबरोबर इतकी वर्षं काढली." हे शेवटचं वाक्य निम्म्या जिन्यावर असताना ऑपरेटरबाईंना एवढं हसू आलं की त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि मग चेहरा कोरा करून ते जसंच्या तसं पोचवलं. कितीतरी वर्षांनी कामावर रुजू झाल्यासारखं त्यांना वाटत होतं. गुडघे बोंबलत होते, पण मन ताजंतवानं होतं.

मग चष्मेवाल्याला खोकला झाला.

साधाच खोकला, पण हट्टी. बाहेरच्या खोलीत तो खोकायचा आणि आतल्या खोलीत तिची झोप उडायची. पहाटे उठून तलावावर जाणारी ती, तिसऱ्या दिवशी तिने तारवटलेल्या डोळ्यांनी खाली येऊन सांगितलं, "मावशी, त्याला सांगा, खोकायचंच असेल तर गच्चीवर जाऊन खोक. काही माणसांना झोपायचं असतं."

ऑपरेटरबाई वर गेल्या. तो पलंगावर नव्हता. पलंग आतल्या खोलीत गेला होता. जमिनीवर गादी टाकून तो भिंतीला टेकून बसला होता. चष्मा काढून बाजूला ठेवलेला. लोकांना दिसावं म्हणून दिवसभर काचा घासणारा हा माणूस चष्म्याशिवाय किती लहान दिसतो, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. त्याने डोळे बारीक करून विचारलं, "काय म्हणते?"

ऑपरेटरबाईंनी तोंड उघडलं. गच्चीवर जाऊन खोक, एवढंच तर म्हणायचं होतं. त्याहून वाईट गोष्टी त्यांनी न अडखळता सांगितल्या होत्या. पण ते शब्द काही केल्या बाहेर पडेनात.

"खोकला वाढलाय तुझा," त्या म्हणाल्या. "औषध घेतोस ना? रात्री जेवलास का?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा घातला आणि पुन्हा बघितलं. "घेतो," तो म्हणाला. "जेवलो थोडं. सांगा तिला."

ऑपरेटरबाई कठडा धरून जिना उतरू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी निरोप बदलला होता. मोठ्या बाई असत्या तर त्यांनी हेडफोन काढून घेऊन घरी पाठवलं असतं. पण खाली पोहणारी वाट बघत होती. "काय म्हणाला?" तिने विचारलं, आणि ऑपरेटरबाईंच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "माझ्यामुळे तुझी झोप मोडते. वाईट वाटतं मला."

पोहणारीने पिशवी खांद्याला अडकवली, पुन्हा काढली, पुन्हा अडकवली. "बरं," म्हणाली आणि निघून गेली.

एकदा बांध फुटला की मग काय. "कचरा आज तुझ्या वाट्याचा आहे" याचं वर पोचेपर्यंत "दमला असशील तर कचरा मी नेते" असं झालं. "खुर्ची मी घेऊन जाणार" याचं खाली येईपर्यंत "खुर्ची तुला आवडते, ठेव तू" असं झालं, आणि मग खुर्ची नेमकी कुणाची या घोळात ती जिन्यावरच राहिली आणि ऑपरेटरबाई येता-जाता तिच्यावर टेकून दम खाऊ लागल्या. वरचा आवाज थंडावला. दारं आपटायची थांबली. एक दिवस तर वरच्या स्वयंपाकघरात दोघं एका वेळी होती, आणि भांडी पडल्याचा आवाज आला नाही. ऑपरेटरबाई खाली ओट्याशी कान देऊन उभ्या होत्या. मी कुठे काय करतेय, घरात शांतता राहावी एवढंच, असं त्या स्वतःला सांगत होत्या, आणि स्वतःचा त्यावर फारसा विश्वास बसत नव्हता.

महिना संपत आला तेव्हा एका सकाळी चष्मेवाला जिना उतरता उतरता थांबला. चेहरा खुललेला. "मावशी, बेकरीवरच्या खोलीला मी नाही सांगून टाकलं."

ऑपरेटरबाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. "नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. जात नाही तिकडे. उशीर झालाय, बाकीचं संध्याकाळी बोलू," तो म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

आणि त्याच दुपारी पोहणारी मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रीण मापं घ्यायची पट्टी घेऊन आली होती. बाहेरच्या खोलीत कपाट कुठे बसेल ते दोघींनी मोजलं, आणि जाताना पोहणारी म्हणाली, "मावशी, पहिल्या तारखेला येतेय ही. चालेल ना?"

ऑपरेटरबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्याला वाटतंय तिचं मन वळलं. आपण वळवलंय ते, खोटं खोटं. आता पहिल्या तारखेला ती मैत्रीण कपाट घेऊन येणार आणि हा पोरगा आपलं बोचकं घेऊन कुठे जाणार? डोक्यावरचं छप्पर गेलं ते गेलंच, शिवाय ज्या आशेवर त्याने ते सोडलं ती आशाही आपल्याच तोंडची.

संध्याकाळी तो आला तेव्हा त्या डोकं दुखतंय म्हणून दार लावून बसल्या. दुसऱ्या दिवशीही त्यांचं डोकं दुखलं. मधल्या दुपारी मात्र गुडघ्याला पट्टा बांधून त्या त्या बेकरीत जाऊन धडकल्या. बेकरीवाली पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"ती वरची खोली," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "चष्म्याच्या दुकानातला एक मुलगा घेणार होता. त्याने नाही सांगितलं ते चुकून सांगितलं. त्यालाच द्या."

"कालच दिली मी. दोन नर्स आल्यात." बेकरीवालीने त्यांना न्याहाळलं. "तुम्ही त्याच्या कोण?"

"घरमालकीण."

"भाडेकरूला दुसरीकडे खोली द्या म्हणून गयावया करणारी घरमालकीण मी आजच बघतेय," बेकरीवाली म्हणाली आणि तिने त्यांना बसायला स्टूल दिलं. ऑपरेटरबाई थोडा वेळ त्या स्टुलावर बसल्या. पावाचा गरम वास येत होता आणि त्यांना रडू येत होतं. सांगून टाकण्याशिवाय आता गत्यंतर नाही, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं.

रविवारी सकाळी त्यांनी दोघांना आपल्या स्वयंपाकघरात बोलावलं. चहा केला, पण कपात ओतला नाही. तो राहिला किटलीतच.

"मी तुमचे निरोप बदलले," त्या म्हणाल्या. "खोकल्यापासून पुढचे. सगळे नाही, पण पुष्कळ. तू म्हणालीस, गच्चीवर जाऊन खोक. मी याला सांगितलं, औषध घेतोस ना. तुझं होतं ते राहिलं जिन्यात, हे माझं. तू म्हणालास, घेतो औषध, जेवलो. मी हिला सांगितलं, वाईट वाटतं मला. माझं. कचऱ्याचं माझं. खुर्चीचं माझं. 'तुझी आठवण येईल' ते सगळंच्या सगळं माझं, त्यात तुझा एकही शब्द नव्हता, तू फक्त विजेच्या बिलाबद्दल विचारलं होतंस."

नोकरीत आठवण पक्की ठेवायची सवय. एकही निरोप त्या विसरल्या नव्हत्या. एकेक करत सगळे सांगून होईपर्यंत पोहणारीचा चेहरा लालबुंद झाला होता.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" ती उसळून म्हणाली. "आठवण येईल, म्हणे! मी रडले त्यावर, माहितेय? दोन रात्री वाटत राहिलं, आपण दुष्ट आहोत, एवढ्या चांगल्या माणसाला घालवतोय. मैत्रिणीला नको येऊस म्हणून सांगायला निघाले होते मी! आणि ते विजेचं बिल होतं?"

"हो."

"का पण?"

ऑपरेटरबाईंनी पदराने चष्मा पुसला. "तुमच्यासाठी केलं असं म्हणणार होते. कालपर्यंत तेच पाठ करत होते. पण ते खरं नाही. तुम्ही वेगळे झालात की वर कुणी हसणार नाही. मला ते नको होतं. माझ्यासाठी केलं मी."

पोहणारी टेबलाची कड नखाने खरवडत होती. चष्मेवाला मात्र विचित्र चेहरा करून बसला होता, आणि तो राग नव्हता.

"मावशी," तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ते औषधाचं तिचं नव्हतं. पहिल्याच दिवशी कळलं मला. ती असं विचारतच नाही. तिला काळजी वाटली की ती आधी डॉक्टरची वेळ घेऊन येते आणि मग माझ्यावर ओरडते." त्याने पोहणारीकडे पाहिलं. "हो की नाही?"

"हो," पोहणारी म्हणाली. किती दिवसांनी ती थेट त्याच्याशी बोलली होती. तिचा आवाज उतरला होता. "कचऱ्याचंही कळलं?"

"तू दमलेल्या माणसाचा कचरा नेशील?"

तिला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले.

"मग बेकरीवरची खोली का सोडलीस रे?" ऑपरेटरबाई जवळजवळ ओरडल्याच. "मला वाटलं, ही राहा म्हणतेय असं समजून सोडलीस!"

"नाही हो. आमचं संपलंय, ते मला कळतं." त्याने चष्मा काढला, पुसला. "त्या खोलीचा जिना बाहेरून आहे. वर जावं, खाली यावं, कुणाला पत्ता नाही. आणि इथे कुणीतरी दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून मला विचारायला येत होतं, जेवलास का. निरोप तिचा नव्हता, तुमचा होता. पण तो मला पोचला, मावशी. म्हटलं, तुमची मागची अडगळीची खोली आहे, ती मागावी. तेच बोलायला आलो होतो त्या संध्याकाळी. तुमचं डोकं दुखत होतं."

ऑपरेटरबाईंनी किटलीवरचं झाकण सारखं केलं. माणसं जोडून देण्यात जन्म गेला होता, पण त्यांच्या स्वतःच्या शब्दाने कुणी घर सोडायचं थांबलं, असं कधी झालं नव्हतं. मागची खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली. ट्रंका हलवल्या की गादी मावली असती. रविवारी स्क्रू आवळून झाले असते. खोकला झाला तर जिनासुद्धा चढावा लागला नसता. हो म्हणायचं फक्त. सगळा जीव हो म्हणत होता.

त्यांनी पोहणारीकडे पाहिलं. ती नाही म्हणालीच नसती; त्याच्यावरचा तिचा राग आता ओसरला होता आणि तिने मान डोलावली असती. मग रोज पहाटे त्या खोलीच्या दारावरून ती पाय न वाजवता गेली असती, आणि आत हा वरची पावलं ऐकत पडून राहिला असता. महिनाभर निरोपांनी जे केलं तेच पुढे वर्षभर ती खोली करणार.

"नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"नाही?"

"मागची खोली द्यायची नाही मला. तुझं दुसरीकडे बघायचं आपण. मी हिंडते तुझ्याबरोबर, पण इथे नाही." त्यांनी पदर खोचला. "आणि हे मी बोलतेय. कुणाचा निरोप नाही."

त्याने मान डोलावली आणि किटलीतला निवलेला चहा स्वतःच तीन कपांत ओतला.

त्यानंतर गल्लोगल्ली ही वरात फिरली. पट्टा बांधलेली म्हातारी पुढे आणि चष्मेवाला मागे. घरमालकांनी भाडेकरूची चौकशी करायची, तर ऑपरेटरबाईच घरमालकांची उलटतपासणी घेत. जिना आतून आहे का? दिवसातून एकदा तरी माणूस दिसतो का? एका ठिकाणचा मालक म्हणाला, आम्ही भाडेकरूच्या भानगडीत पडत नाही, तर त्या त्याच पावली बाहेर पडल्या. शेवटी तलावापासून बऱ्यापैकी लांब, एका निवृत्त मुख्याध्यापकाच्या घरात खोली मिळाली. मुख्याध्यापकांची बायको दारातच म्हणाली, "फार वाळलाय हो हा," आणि ऑपरेटरबाईंनी पुढचं काही विचारलं नाही.

सामान न्यायला पोहणारीही आली. जिन्यावरची खुर्ची तिने स्वतः उचलून टेम्पोत ठेवली, आणि ती नेमकी कुणाची यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. नव्या खोलीत खोकी लावून झाल्यावर दोघं दारात एक क्षण उभे राहिले, आणि "नीट राहा," "तूही," एवढं बोलणं त्यांच्यात झालं. ऑपरेटरबाई खाली रस्त्यावर येऊन थांबल्या होत्या, आणि मुख्याध्यापकांच्या कुंपणाला धरून सरळसरळ रडत होत्या.

परत येताना दोघी चालत निघाल्या. पोहणारी गेले काही दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. व्यायामही बंद होता. मोठ्या रस्त्यावर गाड्या थांबेनात, तेव्हा तिने ऑपरेटरबाईंचा हात धरला आणि त्यांना पलीकडे आणलं.

"अजून रागावलीयस माझ्यावर?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"हो," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिने हात काही सोडला नाही.